माडीवर किती जणांनी राहावे, आणि ते कशावरून ठरवावे?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून बेळगावात अनगोळ भागात स्वतःच्या घरात तळमजल्यावर एकटी राहते. यजमान गेल्यानंतर वरची माडी भाड्याने देऊ लागले. माडीवर दोन खोल्या आहेत, एक १२ बाय १० फुटांची आणि दुसरी १० बाय १० ची. त्यांच्यामध्ये १२ बाय १० चा हॉल, शिवाय स्वयंपाकघर, एक न्हाणीघर आणि एक संडास आहे. जूनमध्ये इंजिनिअरिंगची तीन मुले राहायला आली. करार त्यांच्यातील एकाच्याच नावे, छापील नमुन्यावर, अकरा महिन्यांचा झाला. भाडे दरमहा ९,००० रुपये. चौथा आला तेव्हा मी काही बोलले नाही. पाचवा आणि सहावा आले तेव्हा पाण्याचे म्हणून प्रत्येकी ५०० रुपये वाढवून घेतले. सातवा कधी आला ते कळलेच नाही, जिन्यावरच्या चपला मोजल्या तेव्हा लक्षात आले. त्यांतील दोघे उद्यमबागेत रात्रपाळीला जातात आणि दिवसा झोपतात. ५०० लिटरची टाकी सकाळी आठच्या आत रिकामी होते. परवा वर गेले तर न्हाणीघरात बादलीत हीटिंग रॉड सोडलेला आणि त्याची वायर हॉलमधल्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावलेली दिसली. गल्लीतील मंडळी म्हणतात की नात्याची नसलेली माणसे ठेवूच नका. अमेरिकेतला मुलगा सांगतो की त्याच्या गावात नाते नसलेल्या तिघांपेक्षा जास्त माणसांना एका घरात राहता येत नाही. कोल्हापूरचा भाऊ म्हणतो की लिव्ह अँड लायसन्स करून घे आणि ऐकले नाही तर पाणी बंद कर. मुले वागायला चांगली आहेत, म्हणूनच अधिक अवघड वाटते. मी काय करावे?

— एक वाचक, अनगोळ

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात कायद्याचे प्रश्न बरेच आहेत, परंतु त्या सर्वांच्या आधी हीटिंग रॉडची गोष्ट मार्गी लावावी, आणि ती आजच. ओल्या फरशीवर, बादलीत सोडलेला रॉड आणि दुसऱ्या खोलीतून ओढून आणलेली वायर हा थेट जिवाशी खेळ आहे. सात जणांना एकापाठोपाठ आंघोळ उरकून कॉलेज गाठायचे असते, त्यात एखादा घाईत बटण बंद न करताच पाण्यात हात घालतो. इलेक्ट्रिशियन बोलावून माडीचे अर्थिंग तपासून घ्यावे, मीटरजवळ ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा आपोआप तोडणारे उपकरण) बसवून घ्यावे आणि योग्य उंचीवर पक्का गीझर लावून द्यावा. हा खर्च घरमालकीण म्हणून आपणच करावा असे मला वाटते, कारण तारा घराच्या आहेत. गॅस गीझर लावण्याचा विचार असेल तर तो मात्र बंद न्हाणीघराच्या आत मुळीच नको. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि आतल्या माणसाला काही कळण्यापूर्वीच त्याची शुद्ध हरपते.

आता नात्याच्या मुद्द्याकडे वळू. भाड्याच्या घरात राहणारी माणसे एकमेकांची नातेवाईक असली पाहिजेत, किंवा नाते नसलेली अमुक इतकीच असावीत, असे सांगणारा कायदा कर्नाटकात नाही. गल्लीतील मंडळींनी एकत्र बसून तसे ठरवले तरी त्याला कायद्याचे बळ येत नाही. आपल्या मुलाने सांगितलेली पद्धत अमेरिकेत खरोखरच आहे आणि तिला न्यायालयाची मान्यताही मिळालेली आहे. न्यूयॉर्क राज्यातील बेल टेअर या लहानशा गावाने एका घरात नाते नसलेली दोनच माणसे राहू शकतील असा नियम केला होता आणि १९७४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. मात्र अशा नियमांचा फटका विद्यार्थी, कामगार आणि कमी पगाराच्या माणसांनाच बसतो हे पुढे दिसून आल्याने काही राज्यांनी ते काढून टाकले. आयोवाने २०१७ मध्ये, ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०२१ मध्ये आणि कोलोरॅडोने २०२४ मध्ये गावांचा हा अधिकार बहुतांशी संपुष्टात आणला. त्यांच्याकडून सोडली जात असलेली गोष्ट आपण अनगोळात नव्याने आणावी, असे मला अजिबात वाटत नाही.

इंग्लंडची रीत मला अधिक सरळ वाटते. तेथे पाच किंवा अधिक माणसे, जी दोन किंवा अधिक वेगवेगळ्या कुटुंबांतील आहेत, एकाच घरात स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर सामाईक वापरून राहत असतील, तर मालकाला स्थानिक परिषदेचा परवाना घ्यावा लागतो. परवाना देताना खोल्यांचे क्षेत्रफळ पाहिले जाते. एका प्रौढाच्या झोपण्याच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर आणि दोघांच्या खोलीला १०.२२ चौरस मीटर जागा लागते. म्हणजे नाते नसलेल्यांनी एकत्र राहायला हरकत नाही, फक्त प्रत्येकाला पाय पसरण्याइतकी जागा मिळाली पाहिजे आणि त्याची जबाबदारी मालकावर आहे.

आपल्या भागात आजही एका छपराखाली दहा-बारा माणसांची एकत्र कुटुंबे नांदतात आणि त्यांच्या टाकीचे पाणी किती वाजता संपते हे कोणी विचारत नाही. तेवढीच माणसे वेगवेगळ्या आडनावांची असली की गल्ली अस्वस्थ होते. टाकी, संडास आणि विजेची तार यांना आडनाव कळत नाही. म्हणून आपण संख्येवर बोट ठेवावे, नात्यावर नव्हे. तसे केल्याने आपली बाजू न्याय्य राहील आणि न्यायालयात जाण्याची वेळ आलीच तर ती मांडणेही सोपे जाईल.

मग संख्या किती? बंगळूर महापालिकेने २०२४ मध्ये पीजी (पेइंग गेस्ट निवास) चालवणाऱ्यांसाठी जे नियम काढले, त्यांत दर माणशी किमान ७० चौरस फूट जागा आणि रोज १३५ लिटर पाणी असे प्रमाण दिले आहे. ते नियम बेळगावला लागू नाहीत आणि आपले घर पीजीही नाही, तरीही आपल्याच राज्यातील एका महापालिकेने मान्य केलेले माप म्हणून त्याचा आधार घेता येतो. आपल्या दोन्ही खोल्या आणि हॉल मिळून ३४० चौरस फूट होतात. त्याला ७० ने भागले तर पाच माणसेही पुरती बसत नाहीत, चारच बसतात. इंग्लंडचे माप लावले तर १२ बाय १० ची खोली दोघांना पुरते, १० बाय १० ची साधारण ९.३ चौरस मीटर असल्याने एकालाच पुरते, आणि ज्या हॉलमधून सर्वांची ये-जा आहे तो झोपण्याची खोली म्हणून धरता येत नाही. त्या हिशेबाने तीनच होतात. पाण्याचा हिशेबही तेच सांगतो. चार जणांना दिवसाला ५४० लिटर लागतात, म्हणजे आपली टाकी एकदा भरली की जवळजवळ भागते, आणि सात जणांना ९४५ लिटर लागतात. जेथे नळाला रोज पाणी येत नाही तेथे हा फरक थेट बोअरच्या मोटारीवर आणि आपल्या खालच्या नळावर पडतो. एका संडासामागे सात माणसे ही तर फारच झाली, आणि सेप्टिक टँक असेल तर तोही वेळेआधीच भरतो. त्यामुळे आपल्या माडीसाठी चार ही कमाल मर्यादा धरावी, असे माझे मत आहे.

रात्रपाळीच्या दोघांचा प्रश्न यात वेगळा मोजावा लागेल. ते दिवसा झोपतात म्हणून एकच गादी दोघांत फिरते आणि जागा पुरते असे मुले म्हणतील. पण ज्या खोलीत कोणीतरी सतत झोपलेले असते तिच्या खिडक्या उघडल्या जात नाहीत, कपडे आतच वाळतात, अभ्यासाला बसता येत नाही. कोंदट खोलीत एकाला क्षयाचा खोकला झाला तर तो इतरांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. म्हणून शिफ्टने झोपणाऱ्यांनाही पूर्ण माणूस म्हणूनच मोजावे.

विजेच्या बिलाकडेही पाहून घ्यावे. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत मोफत युनिट ठरतात ते २०२२-२३ मधील सरासरी वापरावर आणि त्यात दहा टक्के वाढ धरून, आणि वापर २०० युनिटांच्या वर गेला की त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते. सात जणांचे रॉड, इस्त्री, पंखे आणि लॅपटॉप चालू असताना माडीचे मीटर ही रेषा ओलांडत असेल, तर ‘सात जणांत भाडे स्वस्त पडते’ हा मुलांचा हिशेबही तितकासा खरा उरत नाही. हेस्कॉम या वीज कंपनीची मागची काही बिले त्यांच्यासमोर ठेवावीत. ही मुले हिशेबाची आहेत, त्यांना ते पटेल.

आता कराराविषयी, आणि येथे मला थोडे स्पष्ट लिहावे लागेल. छापील नमुन्यात बहुतेक वेळा ‘भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवू नये’ एवढेच वाक्य असते. आपल्या करारात ते आहे का, हे प्रथम पाहावे. ते नसेल तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ नुसार भाडेकरूला पोटभाड्याने देण्याची मुभाच असते, कारण तो कायदा ‘विरुद्ध करार नसल्यास’ असे म्हणतो. ते वाक्य असले तरी तेवढ्याने काम भागत नाही. सोबत राहायला घेतलेला मित्र म्हणजे पोटभाडेकरू, असे न्यायालय आपोआप मानत नाही. जागेचा स्वतंत्र ताबा दुसऱ्याला पैसे घेऊन दिला, हे सिद्ध करावे लागते. किती माणसे राहतील हा आकडा करारात नाही, हीच आपल्या प्रकरणातील खरी उणीव आहे. त्यात भर म्हणजे पाचव्या आणि सहाव्या मुलाचे पैसे आपण दरमहा घेत आलात. कराराचा भंग माहीत असूनही मालकाने पुढचे भाडे स्वीकारले, तर त्याने तो भंग सोडून दिला असे त्याच कायद्याचे कलम ११२ सांगते. हे आपल्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. एकट्या राहणाऱ्या बाईने दाराशी आलेल्या पोराला नाही म्हणणे किती कठीण असते ते मी जाणतो. पण यापुढे वाढीव पैसे घेणे ताबडतोब थांबवावे आणि ते का थांबवले हे मुलांना लेखी कळवावे.

आपल्या बंधूंचा सल्ला कोल्हापुरात योग्य ठरला असता. लिव्ह अँड लायसन्सची जी पद्धत ते सांगतात, ज्यात मुदत संपल्यावर घर रिकामे करून घेण्याचा स्वतंत्र आणि तुलनेने जलद मार्ग मिळतो, ती महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधील आहे. चंदगडहून बेळगावला मुले रोज ये-जा करतात, पण तो कायदा सीमा ओलांडून इकडे येत नाही. आपल्याकडेही १९९९ चाच, पण कर्नाटकाचा भाडे कायदा आहे. त्यातून ठरावीक रकमेपेक्षा जास्त प्रमाण भाड्याची (म्हणजे कायद्याच्या रीतीने ठरणाऱ्या भाड्याची) घरे वगळलेली आहेत. मोठ्या शहरांत ती रक्कम दरमहा ३,५०० रुपये आणि इतरत्र २,००० रुपये आहे. आपले भाडे पाहता आपला करार बहुधा त्याच्या बाहेर राहून मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली येईल. स्थानिक वकिलांना कागद दाखवून याची एकदा खात्री करून घ्यावी, कारण पुढची सारी वाट त्यावर ठरते.

पाणी बंद करण्याचा विचार मात्र मनातूनच काढून टाकावा. पाणी किंवा वीज तोडणे, कुलूप बदलणे, सामान जिन्यात आणून ठेवणे यांपैकी काहीही केले, तर आज आपल्या बाजूला असलेला न्याय उद्या मुलांच्या बाजूला जाईल. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला गेला तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली भाडेकरू सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे हा प्रश्नच विचारला जात नाही. मग सात जण परत माडीवर आणि आपण न्यायालयात, अशी स्थिती होईल. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, परीक्षेच्या दिवसांत मुलांचे पाणी तोडणे एका शिक्षिकेच्या हातून होऊ नये.

पहिले पाऊल म्हणून एखाद्या रविवारी सातही जणांना एकत्र बोलवावे. ज्याच्या नावे करार आहे त्या एकट्याशी बोलून भागणार नाही. नंतर आलेल्यांनी अॅडव्हान्सचा वाटा बहुधा त्यालाच दिला असेल आणि त्याची चिठ्ठीचपाटीही नसेल. कोणी कोणाला किती दिले हे सर्वांसमोर कागदावर घेतले, तर नंतर बाहेर पडणारी मुले पैशासाठी अडून बसणार नाहीत. त्या बैठकीत आपला आकडा आणि तो कसा आला हे दोन्ही सांगावे, खोल्यांची मापे त्यांनाच घ्यायला लावावीत. मग कोणी राहायचे आणि कोणी जायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे, तारीख मात्र आपण द्यावी. सेमिस्टरची परीक्षा संपून एक महिना होईल अशी तारीख मला रास्त वाटते. रात्रपाळीच्या दोघांना त्याआधीही मच्छे किंवा पिरनवाडीकडे, कामाच्या जवळ, खोली मिळू शकेल. ओळखीत कोणाची खोली रिकामी असेल तर आपणच शब्द टाकावा. घर रिकामे करून घेण्याच्या बाबतीत अशा एका शब्दाने जे काम होते ते कित्येकदा नोटिशीने होत नाही.

बैठकीत ठरलेले त्याच आठवड्यात लेखी करून घ्यावे. अकरा महिन्यांपैकी बरेच अजून उरले असतील तर पुरवणी करार करावा, संपत आले असतील तर नवाच करावा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेकराराची नोंदणी सक्तीची असल्यामुळे आपल्याकडे अकरा महिन्यांची प्रथा पडली आहे आणि त्यात गैर काही नाही. राहणाऱ्या चारही जणांची नावे आणि सह्या त्यात असाव्यात, सर्वजण एकत्रित आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार राहतील असे लिहावे, आणि पुढील आशयाचे कलम वकिलांकडून बसवून घ्यावे :

‘सदर माडीमध्ये एका वेळी चारपेक्षा जास्त प्रौढ व्यक्ती वास्तव्य करणार नाहीत. भाडेकरू बदलल्यास नवीन व्यक्तीचे नाव मालकाच्या लेखी संमतीने करारात नोंदवले जाईल. पाहुणा सलग तीन रात्रींपेक्षा अधिक राहिल्यास त्याची गणना वास्तव्य करणाऱ्यांत होईल. या अटीचा भंग झाल्यास मालक लेखी सूचना देऊन तो दूर करण्यास पंधरा दिवसांची मुदत देतील. त्या मुदतीत भंग दूर न झाल्यास हा करार संपुष्टात येईल व मालकास ताबा परत घेण्याचा हक्क राहील.’

यातील शेवटचे वाक्य गाळू देऊ नये. मुदतीचा करार चालू असताना अट मोडली म्हणून तो संपवायचा असेल, तर ‘अट मोडल्यास मालकाला ताबा परत घेता येईल’ असे करारातच लिहिलेले असावे लागते. करार कन्नड किंवा इंग्रजीत होणार असेल तर त्याची मराठी प्रत मुलांना वाचायला द्यावी आणि तिच्यावरही सह्या घ्याव्यात. खानापूर, चंदगडकडची मुले न वाचताच सही करून मोकळी होतात आणि पुढे ‘आम्हाला काय लिहिले होते ते समजलेच नाही’ असे म्हणतात. ते म्हणणे पुष्कळदा खरेही असते.

करार संपल्यावरही मुले राहत असतील आणि भाडे महिन्याच्या महिन्याला चालू असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेपट्टा संपवता येतो. ती पोचपावतीच्या टपालाने पाठवावी आणि एक प्रत हातीही द्यावी. त्यानंतरही कोणी हलले नाही तर दिवाणी न्यायालय आहे. परंतु दावा दाखल करण्यापूर्वी बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, असे मी आग्रहाने सांगेन. स्त्री म्हणून, उत्पन्न कितीही असले तरी, आपल्याला तेथे विनामूल्य विधी साहाय्याचा हक्क आहे. दावा लावण्यापूर्वीच्या टप्प्यावरही दोन्ही बाजूंना बोलावून लोकअदालतीत तडजोड करता येते. तेथे झालेल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकेच बळ असते आणि त्यावर अपीलही नसते. ठरलेल्या तारखेला चार जणच राहतील, हे तेथे लिहून झाले की पुन्हा चपला मोजत बसावे लागणार नाही.

पोलिसांकडे जावे का, असा प्रश्न गल्लीतून पुढे येईलच. राहणाऱ्यांची नावे, ओळखपत्रांच्या प्रती आणि गावचा पत्ता जवळच्या ठाण्यात देऊन ठेवणे शहाणपणाचे आहे आणि मुलांच्याही हिताचे आहे. परंतु माणसे जास्त झाली म्हणून घर रिकामे करून देणे हे पोलिसांचे काम नव्हे. त्यांना तशी गळ घालू नये आणि कोणी परस्पर घालत असेल तर थांबवावे. पुढेमागे परदेशी विद्यार्थी ठेवलात तर त्याची माहिती विहित फॉर्म भरून चोवीस तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे, हेही ध्यानात असू द्यावे. आणि माडीवर खाटांप्रमाणे भाडे घेऊन, जेवण देऊन माणसे ठेवण्याचा विचार कधी मनात आलाच, तर तो पीजीचा व्यवसाय होईल. त्याला महापालिकेचा व्यवसाय परवाना लागतो, म्हणून आधी तेथे विचारून घ्यावे.

गल्लीतील मंडळींना आपण एवढेच सांगावे की माडीवर चार जण राहतील, त्यांची नावे ठाण्यात दिलेली आहेत, रात्री दहानंतर जिन्यात गलका होणार नाही आणि गाड्या रस्त्यात लावल्या जाणार नाहीत. शेजाऱ्यांच्या तक्रारी बहुधा या दोन गोष्टींच्याच असतात, आणि त्या करारात स्वतंत्र कलमाने घालता येतात. बैठकीची तारीख ठरवण्यापूर्वी मुलांच्या परीक्षेचे वेळापत्रक मागून घ्यावे आणि इलेक्ट्रिशियनला त्याच्याही आधी बोलवावे.